वाचनयंत्र घेण्यापूर्वी

(वडपे, ता. भिवंडी येथे प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज बोलण्यासाठी मला जो विषय नेमून देण्यात आला आहे, तो वरवर पाहता बाजारातील एका वस्तूचा आहे. ज्यास सर्वत्र 'ई-बुक रीडर' म्हणतात आणि ज्यास आपण सोयीसाठी वाचनयंत्र म्हणू, त्या यंत्रात कोणते गुण असावेत, याचा विचार आपणांस करावयाचा आहे. परंतु थोडे खोलवर पाहिल्यास हा प्रश्न यंत्राचा नसून मुलांच्या वाचनाचा आहे, आणि म्हणूनच तो दुकानदाराने नव्हे तर शिक्षकाने सोडवावयाचा आहे, असे माझे नम्र मत आहे.

आपण ज्या वडपे गावी जमलो आहोत, ते मुंबई-नाशिक महामार्गावर आहे. भिवंडी म्हटले की पूर्वी यंत्रमागांची खडखड आठवत असे. आता तिच्या जोडीला मोठमोठी गोदामे आली आहेत. देशोदेशींच्या वस्तू या परिसरात उतरतात आणि येथून घरोघर जातात. अशा ठिकाणी एखादे यंत्र मिळविणे मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते निवडणे. एखादी कंपनी, एखादा माजी विद्यार्थी किंवा खुद्द ग्रामपंचायत शाळेत येऊन विचारते, "गुरुजी, शाळेला काय देऊ?" त्या वेळी आपणांजवळ विचारपूर्वक केलेली यादी नसेल, तर आपल्या वतीने निर्णय जाहिरातीचा कागद घेतो.

हा निर्णय किती मोलाचा आहे, हे साध्या हिशेबाने कळेल. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. एका बऱ्या वाचनयंत्राची किंमत दहा हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते. म्हणजे एक यंत्र घेणे याचा अर्थ दोन वर्षांचे ग्रंथालय एका वस्तूत घालणे होय. गोष्टीचे एक पुस्तक पन्नास रुपयांचे धरले, तर त्याच रकमेत दोनशे पुस्तके येतात आणि दोनशे मुले ती एकाच वेळी हातात धरू शकतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे सांगितले आहे. तेव्हा ज्या शाळेत अद्याप पुस्तकांचे एक कपाटही नीट भरलेले नाही, त्या शाळेने अनुदानातून प्रथम पुस्तके घ्यावीत. वाचनयंत्राचा विचार त्यानंतरचा, किंवा देणगी मिळत असेल तेव्हाचा. एवढे स्पष्ट करून मी पुढे जातो.

वाचनयंत्र म्हणजे भ्रमणध्वनी किंवा टॅब नव्हे, हे आधी ध्यानी घेतले पाहिजे. टॅबचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. वाचनयंत्राच्या पडद्यात मात्र केसाच्या जाडीएवढ्या अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत काळे व पांढरे कण तरंगत असतात. विजेच्या सूक्ष्म प्रेरणेने काळे कण वर आले की तेथे अक्षर उमटते, पांढरे वर आले की कोरा कागद दिसतो. पान एकदा उमटले की ते तसेच राखण्यास वीज लागत नाही. वीज लागते ती पान उलटताना. त्यामुळे एकदा भारित केलेले यंत्र बेताच्या वापरात कित्येक दिवस चालते, आणि कागदाप्रमाणेच ते उन्हात अधिक स्वच्छ दिसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयात झालेल्या संशोधनातून १९९७ साली या कागदसदृश पडद्याचा उद्योग उभा राहिला आणि २००७ साली 'किंडल' बाजारात आल्यानंतर त्याचा प्रसार झाला. याच किंडलवर मराठी पुस्तकांचे दालन डिसेंबर २०१६ मध्ये उघडले. मराठी वाचकापर्यंत ही सोय पोहोचण्यास नऊ वर्षे लागली, यावरून आपल्या भाषेची गरज आपणच सांगितली पाहिजे, हे दिसून येते.

मुलांसाठी वाचनाचे यंत्र कसे असावे, हा प्रश्न आपल्याच शेजारी पूर्वी एकदा प्रत्यक्ष उभा राहिला होता. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा नावाची लहानशी वस्ती आहे. 'प्रत्येक मुलास एक संगणक' या जागतिक उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग तेथील प्राथमिक शाळेत ऑक्टोबर २००७ मध्ये, अवघ्या २२ मुलांसह सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या संगणकाची रचना अभ्यासण्यासारखी आहे. त्याचा पडदा फिरवून पाटीसारखा मिटता येई व मग ते वाचावयाचे पुस्तक होई. मागचा दिवा बंद करून भर उन्हात त्यावर काळी अक्षरे स्पष्ट वाचता येत. धूळ व पाणी आत जाऊ नये म्हणून त्याच्या कळा रबराच्या अखंड पत्र्याखाली ठेवल्या होत्या. झाडाखाली बसलेले मूल डोळ्यांपुढे ठेवूनच रचनाकारांनी हे गुण ठरविले असले पाहिजेत. गुण असे ठरवावे लागतात: प्रथम मूल, मग त्याची बसण्याची जागा, मग यंत्र.

तरीही केवळ चांगले यंत्र पुरत नाही. हेच संगणक दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात फार मोठ्या प्रमाणावर वाटले गेले. तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास करून २०१२ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत मुलांच्या भाषेच्या व गणिताच्या गुणांत वाढ झाल्याचा पुरावा आढळला नाही. आफ्रिकेतील घाना देशात मुलांना वाचनयंत्रेच देण्यात आली. तेथील मुले आनंदाने वाचू लागली, पण पहिल्या प्रयोगाच्या अहवालानुसार सुमारे ४० टक्के यंत्रे नादुरुस्त झाली. नाजूक पडदा हे त्याचे मोठे कारण होते. पुढे अधिक मजबूत यंत्रांचा व वेष्टनांचा विचार करावा लागला. पेरूचा धडा असा की, यंत्राबरोबर शिक्षकाची योजना पाहिजे. घानाचा धडा असा की, यंत्र मुलाच्या हातून पडणारच आहे हे गृहीत धरूनच ते घेतले पाहिजे.

आता आपल्या शाळांसाठी अवश्य असणारे गुण मी क्रमाने सांगतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. वरचा गुण नसल्यास खालचे कितीही असले तरी ते यंत्र नाकारावे.

पहिला गुण शुद्ध देवनागरी अक्षराचा. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि त्याच्या देवनागरी खिळ्यांचे वळण दूरवर नावाजले गेले. अक्षर चांगले नसेल तर ग्रंथ चांगला वाचला जात नाही, हे त्या पिढीने जाणले होते. वाचनयंत्राच्या बाबतीत आपण तेवढेच चोखंदळ असले पाहिजे. जेथे मराठीची व्यवस्था नीट केलेली नसते, तेथे जोडाक्षरे फुटून पायमोडकी दिसतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. याची परीक्षा सोपी आहे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द यंत्रावर उघडून पाहावे. जे यंत्र हे दोन्ही शब्द सारखेच दाखवील, ते आचार्यांना स्वयंपाकघरात आणि आचाऱ्याला वर्गात पाठवील! तसेच 'दर्या' व 'दऱ्या', 'कऱ्हाड', 'कृष्ण', 'ज्ञान', 'क्षमा', 'बाळ', 'ॲप', 'ऑक्टोबर' हे शब्द पाहावे. ल आणि श यांची वळणे बालभारतीच्या पुस्तकांतील वळणांप्रमाणे आहेत किंवा नाहीत, हेही तपासावे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व लिपी यांचे प्रमाण रूप ठरवून दिले होते. नुकते वाचू लागलेल्या मुलास फळ्यावर एक वळण आणि यंत्रावर दुसरे वळण दिसू लागल्यास त्याची वाट अकारण कठीण होते.

दुसरा गुण अक्षर लहानमोठे करता येण्याचा, आणि त्याबरोबर ओळी आपोआप नव्याने जुळण्याचा. येथे पुष्कळांची फसगत होते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात, ही मोठीच सोय आहे. पण पीडीएफ म्हणजे छापील पानाची हुबेहूब प्रतिमा. मोठे पान सहा इंची पडद्यावर आणले की अक्षरे मुंगीएवढी होतात. ती मोठी करावी तर अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते. 'ईपब' नावाच्या खुल्या पद्धतीच्या पुस्तकात मात्र अक्षर मोठे केले की ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे पुन्हा मांडल्या जातात. म्हणून यंत्र ईपब वाचते की नाही, हे अवश्य विचारावे. पाठ्यपुस्तकाची पीडीएफच वाचावयाची असेल तर मोठा पडदा पाहिजे, आणि त्याची किंमतही मोठी असते. माझ्या मते पाठ्यपुस्तक कागदाचेच बरे. यंत्र अवांतर वाचनासाठी ठेवावे.

तिसरा गुण कणखरपणाचा. पडदा सहज न तडकणारा, यंत्र पाण्याच्या शिंतोड्याने न बिघडणारे, वजन एका हातात पेलेल असे, म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास. आणि सोबत जाड वेष्टन. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने दप्तरे ओली होतात, भिंतींना ओल येते. यंत्र भारित करण्यासाठी लागणारी तार भ्रमणध्वनीच्या साध्या तारेसारखीच असावी, म्हणजे ती हरवल्यास गावातच दुसरी मिळेल. दुरुस्ती कोठे होते आणि हमी किती महिन्यांची आहे, हे लेखी घ्यावे.

चौथा गुण पुस्तकाच्या मालकीचा. याचा विचार सहसा कोणी करीत नाही. छापील पुस्तक एकदा घेतले की ते शाळेचे झाले. यंत्रावरील पुष्कळ पुस्तकांचे तसे नसते. पैसे देऊनही आपण विकत घेतो तो केवळ वाचण्याचा परवाना. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या काही प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून दूरवरूनच काढून टाकल्या होत्या. विक्रेत्याकडे त्या पुस्तकांचे हक्क नव्हते, हे कारण खरे. पैसे परत मिळाले आणि कंपनीने पुढे क्षमाही मागितली. तथापि कपाटातील पुस्तक रात्रीतून नाहीसे होऊ शकते, हे त्या प्रसंगाने जगास कळले. म्हणून जे यंत्र संगणकावरून तारेने पुस्तके भरून घेते, एकच खुले पुस्तक शाळेतील सर्व यंत्रांवर ठेवू देते आणि एखाद्या विशिष्ट दुकानाशी बांधलेले नाही, ते पसंत करावे. एका शिक्षकाच्या खासगी खात्यावर सारे यंत्रग्रंथालय उभारू नये. त्याची बदली झाली की ग्रंथालयाचीही बदली होते.

पाचवा गुण निवांतपणाचा. इंटरनेटवाचून यंत्र पूर्णपणे चालले पाहिजे. त्यावर जाहिरात, खेळ, चित्रफीत किंवा घंटेचा आवाज नसावा. आपल्या मुलांच्या घरी आता भ्रमणध्वनी पोहोचला आहे आणि तो त्यांचे चित्त क्षणोक्षणी दुसरीकडे ओढीत असतो. वाचनयंत्राची खरी थोरवी त्याला काय येत नाही यात आहे. त्याला फक्त पुस्तक दाखविता येते. मुलानेही तेवढेच करावे, अशी त्याची मूक शिकवण असते. विक्रेता अधिक सोयी सांगू लागला, तर त्यांतील प्रत्येक सोय वाचनाला मदत करते की वाचनातून बाहेर नेते, एवढा एकच प्रश्न विचारावा.

हे पाच गुण अवश्य. त्यांनंतर दोन गुण इष्ट होत. एक, शब्दावर बोट ठेवताच अर्थ सांगणारा मराठी कोश. येथे मराठीची एक स्वाभाविक अडचण आहे. मूल 'झाडाखालच्या' या शब्दावर बोट ठेवते, कोशात मात्र 'झाड' एवढाच शब्द असतो. सामान्यरूप आणि प्रत्यय ओळखून मूळ शब्दापर्यंत पोहोचणारा कोश असेल तरच तो उपयोगाचा. म्हणून 'मराठी कोश आहे' या उत्तरावर समाधान न मानता असे पाचसहा शब्द स्वतः तपासून पाहावे. दुसरा इष्ट गुण मोठ्याने वाचून दाखविण्याचा. ज्या घरी कातकरी बोली, उर्दू, तेलुगू किंवा हिंदी बोलली जाते, तेथील मुलास मराठी शब्द डोळ्यांनी पाहताना कानांनी ऐकता आला तर त्याचे पाऊल लवकर पुढे पडते. आणि आपल्या वर्गात दृष्टिहीन किंवा मंददृष्टी मूल असेल, तर हा गुण इष्ट न राहता पहिल्या क्रमांकाचा होतो. अशा वाचकांसाठी २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले आहे, याची नोंद घ्यावी.

रंगीत पडद्याविषयी अनेक जण विचारतात. कागदसदृश रंगीत पडदे निघाले आहेत, पण त्यांचे रंग छापील चित्राच्या मानाने फिके असतात. पहिली-दुसरीच्या मुलास लालभडक पोपटाची चोच आणि निळे आकाश पाहिजे. त्याच्यासाठी चित्रमय छापील पुस्तकाला तोड नाही. वाचनयंत्र तिसरी-चौथीपासून पुढे, सलग मजकूर वाचता येऊ लागल्यावर द्यावे.

गुण ठरले, आता त्यावर वाचावयाचे काय? 'स्टोरीवीव्हर' या २०१५ साली सुरू झालेल्या मुक्त संग्रहात मराठी बालकथा आहेत आणि त्या उतरवून घेण्यास व वाटण्यास परवानगी आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर पुढील वर्षारंभापासून ६० वर्षांनी त्याचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांसाठी खुले होते. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी निवर्तले. त्यांचे असे साहित्य १ जानेवारी २०११ पासून खुले आहे. केवळ एवढ्यावरही एका वर्षाचे वाचन सहज उभे राहील. उलट, हयात लेखकाचे पुस्तक कोणीतरी परस्पर पाठविले म्हणून ते यंत्रांवर भरणे योग्य नाही. मुलांना प्रामाणिकपणा शिकविणाऱ्या शाळेच्या ग्रंथालयात चोरीचा माल नसावा.

अखेरीस एका अडचणीचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही. वस्तू शाळेत आली की तिची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते, आणि नोंद झाली की ती फुटल्यास जबाबदार कोण, ही चिंता मुख्याध्यापकांच्या मनात घर करते. ही चिंता अकारण नाही. परिणाम मात्र असा होतो की, वस्तू कुलपात सुरक्षित राहते आणि मूल तिच्यावाचून राहते. यावर उपाय यंत्र आल्यानंतर नव्हे, तर येण्यापूर्वीच करावा. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव करून घ्यावा की, नित्य वापरात झालेली मोडतोड ही वापराचाच भाग समजली जाईल आणि दुरुस्तीसाठी देणगीचा काही भाग बाजूला ठेवला जाईल. देणगीदारासही हे मोकळेपणाने सांगावे. दहा यंत्रांऐवजी आठ घेऊन दोहोंची रक्कम दुरुस्तीसाठी राखावी, हे अधिक शहाणपणाचे. कुलपातील दहा यंत्रांपेक्षा मुलांच्या हातांतील आठ यंत्रे, त्यांतील एखादे फुटले तरी, शाळेला अधिक लाभदायक आहेत.

निवड करताना एक छोटा प्रयोग प्रत्येकाने करावा, अशी माझी विनंती आहे. विक्रेत्याकडून नमुन्याचे एकच यंत्र अर्ध्या तासासाठी मागून घ्यावे. चौथीतील चार मुले निवडावीत. त्यांत एक हुशार, एक अडखळत वाचणारे, एक घरी दुसरी भाषा बोलणारे आणि एक मागच्या बाकावर गप्प बसणारे असावे. यंत्र त्यांच्या हाती द्यावे व ओसरीवर, उजेडात बसवावे. आपण काही शिकवू नये, फक्त पाहावे. मूल पान स्वतः उलटते का? कोणत्या शब्दाशी थांबते? डोळे बारीक करते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, अर्धा तास संपला तेव्हा ते यंत्राविषयी बोलते की गोष्टीविषयी? ज्या यंत्राचा मुलाला विसर पडला आणि गोष्ट लक्षात राहिली, ते यंत्र चांगले.

बंधू-भगिनींनो, पुढील सभेस येताना प्रत्येक शाळेने आपली यादी एका कागदावर लिहून आणावी: अवश्य गुण, इष्ट गुण, आणि नको असलेल्या गोष्टी. आपल्या सर्वांच्या याद्या एकत्र करून एक मागणीपत्र तयार करता येईल. एका शाळेचे म्हणणे विक्रेता कानाआड करील, पण साऱ्या केंद्राचे एकमुखी म्हणणे त्याला ऐकावे लागेल. कापडाची पारख जशी विणकराला, तशी वाचनाच्या साधनाची पारख शिक्षकाला असावी, एवढीच अपेक्षा आहे.